लाल दोरा कुठे बांधायचा

९ जानेवारी

चि. नळीस ताईचा आशीर्वाद.

लोक तुला आता साहेब म्हणत असतील, पण रक्ताच्या नळ्या हातात घेऊन फिरणाऱ्या धाकट्या भावाला मी नळीच म्हणणार. तू प्रयोगशाळेचा प्रमुख झालास हे आमच्या खात्यात सगळ्यांना सांगून झालं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना आधी सांगितलं.

सोबत माझे रक्ताचे रिपोर्ट आहेत. गेली दोन वर्षं मान आणि उजवा खांदा दुखतो, तेवढंच. पण आमच्या कापडगिरणीतल्या मुकादमाला वाटतं मी मुद्दाम रेंगाळते. पूर्वी दिवसाला कापडाचे पंधरा ताके तपासायची, आता नऊवर गाडी अडते. त्याने मॅनेजरच्या कानाशी लागून हुकूम काढून घेतला. मे संपायच्या आत मला काय झालंय ते डॉक्टरांच्या सहीने दाखवायचं, नाहीतर तपासणीचं टेबल सोडून बांधणीत जायचं. बांधणी म्हणजे दुसऱ्याने तपासलेलं कापड कागदात गुंडाळणं.

बावीस वर्षं मी त्या टेबलाशी उभी आहे. काचेखाली दिवे, वरून कापड सरकतं, आणि मोठा दोष दिसला की माझा हात आपोआप काठाला लाल दोरा बांधतो. माझ्या हाताखालून गेलेला एकही ताका गिऱ्हाइकाने आजवर परत पाठवलेला नाही. खात्यात मला घार म्हणतात ते उगाच नाही. त्या घारीने आता कागदाच्या घड्या घालायच्या? तू रिपोर्ट नीट बघ आणि त्यात काय आहे ते शोधून दे.

इथे सगळं व्यवस्थित. दात एकदा दाखवायला हवेत, चावताना दोन्हीकडून जबडा भरून येतो. म्हणून पातळच जेवते, स्वयंपाक लवकर आटोपतो. जिन्यात मधल्या खिडकीशी थांबायची सवय लागली आहे, तिथून रस्ता छान दिसतो. हे पत्र तीन दिवस लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोन का उचलत नाहीस म्हणून रागावूही नकोस. पत्रात मी जास्त बरी दिसते.

बाकी ठीक.

ताई


२१ जानेवारी

ताईस नमस्कार.

रिपोर्ट पाहिले. नुसते डोळ्यांखालून घातले नाहीत, आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवले. थायरॉइड, संधिवात, सूज, जीवनसत्त्वं, सगळं जिथल्या तिथे. तुझ्या रक्तात खोट काढायची तर मला खोटं बोलावं लागेल. तुला काहीही झालेलं नाही.

आमच्याकडे नवं यंत्र आलं आहे, खोलीची अर्धी भिंत त्यानेच अडवली आहे. ते लावलं त्या दिवशी मी नवी इस्त्री केलेला कोट घातला होता, हस नुसती. अंगात काही असेल तर त्याच्या तावडीतून सुटत नाही. तुझा अहवालही तसल्याच यंत्रावरचा, तो वाचून मी सुटकेचा निःश्वास टाकला. रोज थोडं चाल, चिंता करू नकोस, आणि हे पत्र खुशाल तुझ्या मुकादमाच्या नाकासमोर धर. लिहिणारा कोण आहे तेही सांग.

तुझा,
नळी (साहेब)


१४ फेब्रुवारी

चि. नळीस,

तुझं पत्र दाखवलं. मुकादमाला नाही, गिरणीच्या डॉक्टरांना. मोठ्या ऐटीत त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, माझा भाऊ प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. त्यांनी वाचलं आणि माझ्या कागदावर तुझेच शब्द उतरवून काढले. ‘काहीही झालेलं नाही.’ मुकादमाने तो कागद पाण्याच्या नळापाशी चारचौघांत वाचून दाखवला. मी मान ताठ ठेवली. तशीही ती हल्ली ताठच असते, वळत नाही.

तुझ्यावर राग नाही. आहे, पण थोडा. तू दिसलं तेच लिहिलंस.

गिरणीचे डॉक्टर तसे सज्जन आहेत. कागद दिल्यावर ते जरा चुळबुळले आणि म्हणाले, एकदा सांधेतज्ज्ञ बाईंना दाखवून या. मार्चच्या मध्यावरची वेळ मिळाली आहे.

परवा नोंदवहीत एकच ताका दोनदा लिहिला. माझ्याकडून असं होतं म्हणजे बघ. डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं. झोप भरपूर होते, पण उठते ती सगळ्या गावाचं दळण दळून आल्यासारखी. वय होतंय, दुसरं काय. सत्तेचाळीस काही कमी नाही.

बाकी ठीक.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून कानशिलं तापली. मी ते पत्र बहिणीला लिहिलं होतं, त्या डॉक्टरांना नाही. रिपोर्टमध्ये जे नव्हतं ते मी कुठून आणू? तरी वाईट वाटलं हे खरं.

सांधेतज्ज्ञ बाईंकडे नक्की जा. आणि त्यांना सगळं सांग. सगळं म्हणजे सगळं. तुझ्या तोंडून तक्रार काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं आहे हे त्यांना माहीत नसणार.

नळी


१९ मार्च

चि. नळीस,

जाऊन आले. बाई तरुण आहेत, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, पण घाई नाही. तू पाहिलेले ते रक्ताचे कागद त्यांनी सगळे वाचले आणि बाजूला ठेवले. म्हणाल्या, “हे बरं केलंत. दुसरं काही नाही ना, हे बघायला हवंच होतं. पण मला जो संशय आहे तो रक्तात दिसत नाही. तो तुम्हालाच विचारावा लागतो.”

मग त्यांनी अंगठ्याने ठिकठिकाणी दाबून पाहिलं. मानेच्या मागे, खांद्यावर, कोपराशी, गुडघ्याच्या आत. त्यांचं नख पांढरं पडेपर्यंत दाबत होत्या. पूर्वीचे डॉक्टर म्हणे अशा अठरा जागा दाबायचे आणि अकरा दुखल्या तर दुखण्याला नाव द्यायचे. मी हूं की चूं केलं नाही. माझ्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही, नळ्या. आईला अभिमान वाटला असता. “आपल्या घरात कण्हायचं नाही,” असं ती म्हणायची, आठवतं ना?

आता नुसतं दाबण्यावर अवलंबून राहत नाहीत, असं त्या म्हणाल्या. त्यांनी माणसाचं चित्र दिलं, पुढून आणि मागून, अंगाचे एकोणीस भाग पाडलेलं. गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखलं तिथे खूण करा. मी खुणा केल्या, मान आणि उजवा खांदा. मग झोप, थकवा, विसरभोळेपणा यांचे प्रश्न. ‘थोडं’, ‘मधलं’, ‘फार’ यांतलं एक निवडायचं. मी सगळीकडे ‘थोडं’ निवडलं. हातपाय चालत असताना ‘फार’ कसं म्हणायचं?

बाई चित्राकडे बघत राहिल्या. “दोनच?” म्हणाल्या. मी म्हटलं, दोनच. त्यावर त्या म्हणाल्या की एवढ्यावर नाव देता येणार नाही, किमान सात जागा आणि बाकीचाही त्रास बऱ्यापैकी असावा लागतो. दोन महिन्यांनी परत या.

म्हणजे मे. आणि मे संपला की बांधणी.

तू विचारशील म्हणून सांगते, मी खोटं बोलले नाही. आमच्या कामाची रीतच आहे. बोटभर गाठ असेल, सुटलेला धागा असेल, तर तपासणारीने सुई घेऊन तिथल्या तिथे नीट करायचा आणि कापड पुढे सोडायचं. सुईने न सुधारणारा दोष असेल तरच काठाला लाल दोरा. ऊठसूट लाल दोरे बांधणारीला आमच्यात कच्ची म्हणतात. मान आणि खांदा माझ्या सुईने सुधारेनात. बाकीचं मी सांभाळून घेते.

बाकी ठीक.

ताई


४ एप्रिल

ताई,

तुझं ‘बाकीचं मी सांभाळून घेते’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मग कपाटातून तुझ्या पत्रांचा डबा काढला आणि रविवारभर दुसरं काही केलं नाही. शेवटी माझ्या रिपोर्टच्या कागदावर तुझ्याच ओळी उतरवल्या. आता ऐक.

मागच्या वर्षी मार्चमध्ये लिहिलंस, ‘केस कापून टाकले, वर हात करून अंबाडा घालायचा कंटाळा, मोकळं वाटतं.’ तू, जी केसांना कात्री लावू द्यायची नाहीस. हे दोन्ही खांदे. जुलैमध्ये, ‘बरण्यांची झाकणं आता शेजारीण उघडते, तेवढंच तिचं येणं होतं,’ आणि त्याच पत्रात कोपराखाली उशी घेऊन लिहिते आहेस. हे दोन्ही हात, कोपराखालचे. सप्टेंबरात चपला एक माप मोठ्या घेतल्या, कारण ‘संध्याकाळी पाय माझे वाटत नाहीत.’ मी तिथे घोटे लिहिले आहेत. डिसेंबरात जमिनीवर बसायचं सोडलंस आणि वर मला ऐकवलंस की खुर्चीला मान असतो. ताई, खुर्चीला मान नसतो, तुझी कंबर दुखते. जानेवारीत जबडा, दोन्हीकडून. जिन्यातल्या खिडकीतून जो रस्ता छान दिसतो तो मी पाहिला आहे. तिथे समोर गोदामाची भिंत आहे.

मान धरून दहा जागा झाल्या. आणि हे कालपरवाचं नाही, वर्षाहून जुनं आहे, तारखांसकट, तुझ्या अक्षरात. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘बाकी ठीक.’ मी ते वाचायचो आणि डब्यात टाकायचो. परक्या माणसाच्या नमुन्यावर साधी तारीख चुकली तर मी नळी परत पाठवतो. तुझं एकही पत्र मी तसं वाचलं नाही.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. या दुखण्याला यंत्र नाही. माणूस खरं सांगतो, ऐकणारा नीट मोजतो, आणि दुसरं काही आहे का ते रक्त सांगतं. माझं काम त्यातलं तिसरं होतं आणि मी ते पहिलं समजून बसलो. मी लिहायला हवं होतं, ‘या तपासण्यांत काही सापडलं नाही.’ मी लिहिलं, ‘तुला काहीही झालेलं नाही.’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते मी गेली अठरा वर्षं नव्या लोकांना शिकवतो आहे. चुकलो, ताई.

तू चेहरा हलू दिला नाहीस याचा मला अभिमान वाटायला हवा, पण राग येतो. त्या बाई तुला कापड पास करायला सांगत नव्हत्या. काय सुधारतं आणि काय नाही हे त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, दोष कुठे कुठे आहे. बावीस वर्षांत ज्या घारीच्या डोळ्यांतून धागा सुटला नाही, तिने एका चित्रावर दहा जागांपैकी आठ तशाच सोडल्या. गिऱ्हाइकाने ताका परत पाठवला आहे, ताई. पहिल्यांदाच.

यादी सोबत आहे. बाईंना दे.

नळी


१५ एप्रिल

नळी,

माझी पत्रं मोजायला पाठवली नव्हती.

तुझं पत्र वाचून आठ दिवस उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. त्यातले सहा दिवस तुझी यादी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उपडी पडून होती. सातव्या दिवशी सुलटी केली, फक्त अक्षर बघायला. आणि बघितलं तर काम कच्चं. घोटे लिहिलेस, ते घोटे नव्हेत, पोटऱ्या आहेत, दोन्ही. कुशीवर झोपवत नाही हे मी तुला गेल्या उन्हाळ्यात कळवलं होतं, म्हणजे दोन्ही खुबे, ते तू साफ गाळलेस. आणि पाठीचा वरचा भाग कुठे आहे? टेबलावर वाकून उभी राहणारी बाई, तिची पाठ दुखत नसेल? दहा नाहीत, तेरा आहेत. एवढ्या साध्या तपासणीत तीन दोष सोडलेस. आमच्या खात्यात दोन दिवस टिकला नसतास.

तेरा हा आकडा लिहिल्यावर पेन खाली ठेवलं आणि रडले. दुखलं म्हणून नव्हे. ताका परत आला हे खरं होतं म्हणून.

तुझ्या कागदावर मी लाल पेनाने दुरुस्त्या केल्या आहेत, त्याची प्रत सोबत आहे. मे महिन्यात मूळ कागदच घेऊन जाईन. शेजारीण सोबत येणार आहे. झाकणं उघडते ते तिनेही सांगायला हवं.

ताई


२ मे

ताईस साष्टांग नमस्कार.

तीन दोष कबूल. दुरुस्त यादीची प्रत मी जवळ ठेवतो आहे, हाताखालच्या लोकांना दाखवायला. नाव झाकून, घाबरू नकोस. प्रयोगशाळेत आता नवी रीत लावली आहे. रिपोर्ट हातात देताना कुणीही ‘काही नाही’ म्हणायचं नाही. ‘यात सापडलं नाही, डॉक्टरांना त्रास नीट सांगा,’ एवढं म्हणायचं. माझेच लोक मागून माझी नक्कल करतात. करू देत.

आजवर मी सगळ्यांना सांगायचो, माझ्या बहिणीने कधी तक्रार केली नाही. आता सांगतो की माझ्या बहिणीने माझ्या कामात तीन चुका काढल्या. हे सांगताना जास्त ऐट वाटते.

नळी


२४ मे

चि. नळीस,

आधी बातमी, मग गप्पा. नाव मिळालं. फायब्रोमायल्जिया. मी आरशासमोर उभी राहून सहा वेळा म्हटलं तेव्हा कुठे जिभेवर बसलं. मुकादमाला अजून येत नाही.

बाईंनी नवं चित्र पुढे ठेवलं. या वेळी मी ते टेबलावरच्या कापडासारखं वाचलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक दोषाला खूण केली. तेरा. सुईने सुधारणारा कुठला आणि न सुधारणारा कुठला, हे बघितलंच नाही. मग झोप, थकवा आणि डोक्यातला कापूस. तिथेही खरं ते सांगितलं, बारापैकी आठ गुण झाले. तुझी यादी दिली तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. म्हणाल्या, “एवढा तपशीलवार इतिहास मला कुणी आणून दिला नव्हता. कुणी केला?” मी म्हटलं, भावाने केला, मी तपासला.

त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. दुसरं काही सापडलं नाही म्हणून उरलंसुरलं नाव चिकटवलेलं नाही. याला स्वतःच्या खुणा आहेत आणि त्या माझ्यात भरल्या. बरं होईल का, विचारलं. पूर्ण जाईल असं वचन देणार नाही म्हणाल्या, पण आवरता येतं. हळूहळू वाढवत चालायचं, झोपेची शिस्त, एक छोटी गोळी, आणि अंगाचं ऐकायचं. शेवटचं सगळ्यात अवघड जाणार आहे.

सही घेऊन थेट मॅनेजरकडे गेले. मुकादम तिथेच होता. कागद उलटसुलट करून म्हणाला, “पण बाई, दिसत तर काहीच नाही.” मी म्हटलं, चला माझ्या टेबलाशी. मॅनेजरही उठले. ताका पसरला, काचेखालचे दिवे बंद केले आणि म्हटलं, दाखवा दोष. मुकादम नाक लावून बघत राहिला, सापडेना. मग बटण दाबलं. हातभर कापडात दोन गाठी आणि एक तुटका धागा. मी म्हटलं, “दिवा बंद होता म्हणून कापड बिनदोष झालं नव्हतं.” मॅनेजर हसले नाहीत. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. पाठ असलेलं उंच स्टूल, ताके उचलायला ढकलगाडी, तासातासाला पाच मिनिटं, आणि दिवसाला दहा ताके. टेबल माझंच. मुकादमाने स्टूल स्वतः उचलून आणलं. दोघांनाही तेवढं पुरलं.

आता एक आईबद्दल. बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का. आई संध्याकाळी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राहायची. आपण दोघं मागे उभे राहून तिची नक्कल करायचो आणि तीही हसायची. तिला काय होतं ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण तिच्यापुढे कुणी कधी चित्र ठेवलं नाही, आणि ठेवलं असतं तर तिनेही दोनच खुणा केल्या असत्या. कण्हायचं नाही हे तिने शिकवलं ते तिच्यापुरतं बरोबर असेल. माझ्यापुरतं मी बदललं. मला वाटतं तिला याचाही अभिमानच वाटला असता, थोडं रागावून.

हे पत्र एका बैठकीत नाही, दोन दिवसांत लिहिलं. आज मान दुखते, दोन्ही खांदे, कंबर, आणि डावी पोटरी. जबडा आज शांत आहे. मोजून पाच जागा.

बाकी ठीक. या वेळी तपासून लिहिते आहे.

ताई